शितावरून भाताची परीक्षा : अ‍ॅस्पिरिनची चाळीस वर्षं

गेल्या वर्षी माझ्याकडे एक जुने पेशंट आले. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला, एक स्टेंट घातलेला. बीपी तपासता तपासता मी नेहमीचा प्रश्न विचारला, "गोळ्या चालू आहेत ना काका?" ते जरा घुटमळले. मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी मला एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक गृहस्थ ठासून सांगत होते, की एकोणीस हजार लोकांवर प्रयोग झाला आणि अ‍ॅस्पिरिनचा काही उपयोग नाही असं सिद्ध झालं. उलट रक्तस्राव होतो. काकांनी ती गोळी चार महिन्यांपूर्वीच बंद केली होती. "आणि खरं सांगू का डॉक्टर," ते म्हणाले, "बंद करून मला काहीसुद्धा झालं नाही."

म्हणजे त्यांच्या हातात दोन पुरावे होते. एक एकोणीस हजार माणसांचा आणि दुसरा एका माणसाचा, स्वतःचा. दोन्ही त्यांना एकाच बाजूचे वाटत होते. त्या दिवशी बाहेर गर्दी होती, त्यामुळे मी गोळी पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि 'पुढच्या वेळी नीट समजावतो' म्हणून त्यांना पाठवलं. हा लेख म्हणजे ते नीट समजावणं. त्यासाठी जुनी गोष्ट सांगावी लागेल, कारण अ‍ॅस्पिरिनबद्दल डॉक्टरसुद्धा चाळीस वर्षं असेच गोंधळलेले होते.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल गावात. लॉरेन्स क्रेव्हन नावाचे एक साधे जनरल प्रॅक्टिशनर तिथे प्रॅक्टिस करत. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर काही पेशंटना जास्त रक्तस्राव होतो हे त्यांच्या लक्षात आलं. शोध घेतल्यावर कळलं, की दुखणं कमी व्हावं म्हणून ही मंडळी अ‍ॅस्पिरिन घातलेलं च्युइंगगम भरपूर चघळत होती. क्रेव्हन यांनी उलटा विचार केला. अ‍ॅस्पिरिनने रक्त गोठायला वेळ लागत असेल, तर हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्यापासूनही ते वाचवेल का? त्यांनी आपल्या पुरुष पेशंटना रोज अ‍ॅस्पिरिन द्यायला सुरुवात केली. स्वतःवरही प्रयोग केला; इतक्या गोळ्या खाल्ल्या, की नाकातून रक्त आलं. १९५० मध्ये त्यांनी लिहिलं, की अशा ४०० पुरुषांमध्ये दोन वर्षांत एकालाही हार्ट अटॅक आला नाही. १९५६ पर्यंत हा आकडा सुमारे ८,००० वर गेला, आणि तेव्हाही त्यांचा दावा तोच होता.

क्रेव्हन यांची कल्पना बरोबर होती, हे आज आपल्याला माहीत आहे. पण तेव्हा त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. लेख छापले गेले तेही फारसा दबदबा नसलेल्या मासिकांत. पुढे १९५७ मध्ये खुद्द क्रेव्हन हार्ट अटॅकनेच गेले. मला या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते. दवाखान्यात बसून पेशंटकडे नीट बघणारा तो एक डॉक्टर होता. पण त्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला जग तयार नव्हतं ते चूक होतं, असं मात्र मी म्हणणार नाही.

का, ते सांगतो. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. डावभर भात काढून कुणी बघत नाही; एखादं शीत चिमटीत दाबून पाहिलं, की पातेल्याचा अंदाज येतो. सगळं संख्याशास्त्र या एका चिमटीत आहे. पण ही परीक्षा खरी ठरायला दोन गोष्टी लागतात. पहिली, भात सगळीकडे सारखा शिजत असायला हवा किंवा ढवळलेला तरी हवा. नाहीतर तुम्ही वरचं शीत बघाल आणि तळाला भात करपलेला असेल. दुसरी, भात कुठे मऊ, कुठे कच्चा असा असेल, तर एका शितावर भागत नाही, चार-पाच ठिकाणची शितं बघावी लागतात. ढवळणं आणि शितं मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची उणीव दुसरीने भरून निघत नाही.

क्रेव्हन यांच्याकडे शितं पुष्कळ होती, पण भात ढवळलेला नव्हता. त्यांचं ऐकून रोज नेमाने गोळी घेणारा माणूस बाकीच्या बाबतीतही तब्येतीला जपणारा असू शकतो. अटॅक आलेला एखादा पेशंट परस्पर दुसऱ्याच हॉस्पिटलात गेला असू शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोळी न घेणारा तसाच दुसरा गट तुलनेला नव्हताच. अ‍ॅस्पिरिन न घेणाऱ्या तशाच ४०० पुरुषांपैकी कितीजणांना दोन वर्षांत अटॅक आला असता? ठाऊक नाही.

शिवाय 'शून्य' हा आकडासुद्धा दिसतो तितका शून्य नसतो. समजा, एखादी वाईट घटना हजारात पाच जणांना होते. तुम्ही ४०० लोक पाहिलेत, तर सरासरीने दोघांना व्हायला हवी. पण केवळ योगायोगाने एकालाही न होण्याची शक्यता सातात एक, म्हणजे चांगली बऱ्यापैकी आहे. यासाठी एक सोपा हिशेब आहे, तीनचा नियम. पाहिलेल्या माणसांपैकी एकालाही काही झालं नसेल, तर तीनला त्या संख्येने भागा. तीन भागिले ४०० म्हणजे हजारात साडेसात. क्रेव्हन यांच्या त्या शून्याचा खरा अर्थ 'हजारात शून्य ते साडेसातपर्यंत काहीही असू शकेल' इतकाच होतो. पुढच्या वेळी कुणी सांगितलं, की 'आम्ही शंभर जणांना हे चूर्ण दिलं, एकालाही त्रास झाला नाही', तर तीन भागिले शंभर करून बघा. शंभरात तीन जणांना त्रास देणारं औषधसुद्धा या परीक्षेत सहज पास होऊ शकतं.

या 'अमुक ते तमुकपर्यंत'ला संख्याशास्त्रात कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. पाठ्यपुस्तकात 'विश्वास-अंतराल' असा शब्द आहे. मी त्याला नुसता 'पल्ला' म्हणणार आहे. नमुन्यावरून एकच आकडा सांगायचा नाही. खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला सांगायचा. ही कल्पना पक्की बांधली येझी नेमन या पोलिश गणितज्ञाने. १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी ती मांडली, तेव्हा आर्थर बाउली या नामांकित संख्याशास्त्रज्ञाने शंका काढली, की हा 'कॉन्फिडन्स' म्हणजे लोकांना गंडवण्याचा प्रकार तर नाही ना!

बाउलींची शंका अगदीच अनाठायी नव्हती, कारण ९५ टक्के पल्ला म्हणजे काय याबद्दल आजही डॉक्टर मंडळी चुकतात. जत्रेतला रिंग टाकायचा खेळ आठवा. समोर साबणाची वडी ठेवलेली असते, आपण लांबून रिंग टाकतो. साबण म्हणजे खरं उत्तर. ते जागचं हलत नाही. रिंग म्हणजे आपला पल्ला. प्रत्येक नवा प्रयोग म्हणजे एक नवी रिंग, आणि ती दर वेळी जरा वेगळ्या जागी पडते. शंभरातल्या पंचाण्णव रिंगा साबणाभोवती पडतील इतका सराईत हात म्हणजे ९५ टक्के पल्ला. फरक इतकाच, की आपले डोळे बांधलेले असतात. आज टाकलेली रिंग त्या पंचाण्णवातली आहे की चुकलेल्या पाचांतली, हे कळत नाही. भरवसा हाताचा असतो, एकेका रिंगेचा नाही.

इथे एका मराठी माणसाचं नाव घ्यायलाच हवं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्या वर्षांत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नेमन यांच्या हाताखाली काम करत होते. नेमन यांच्या १९३४ च्या निबंधातला नमुने निवडण्याचा भाग सुखात्म्यांनी १९३५ मध्ये पुढे नेला. भारतात परतल्यावर त्यांनी हेच शास्त्र शेतात उतरवलं. पीक कापणी प्रयोग हा शब्द पीकविम्यामुळे आज गावोगाव माहीत आहे. एका ठराविक मापाच्या तुकड्यातलं पीक कापून, मळून, वजन करून सगळ्या तालुक्याचा अंदाज बांधायचा. तुकडे लहान घेतले तर कमी श्रमात पुष्कळ घेता येतात, मग संख्या वाढली की झालं, असं वाटेल. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये दाखवून दिलं, की लहान तुकड्यांवर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कापणारा माणूस तुकड्याच्या काठावरची रोपं नकळत आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितका त्यात काठ जास्त. असे तुकडे कितीही वाढवले तरी उत्तर चुकीचंच राहणार. पल्ला अरुंद होईल, पण चुकीच्या जागी. क्रेव्हन यांच्या ८,००० माणसांचा दोष नेमका याच जातीचा होता. डॉक्टरकीच्या अभ्यासक्रमात हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मला ते बऱ्याच उशिरा, शेतीच्या एका पुस्तकातून कळलं.

आता पुन्हा अ‍ॅस्पिरिनकडे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅस्पिरिनमुळे रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटेनाशा होतात हे प्रयोगशाळेत दिसलं. वेल्समधल्या कार्डिफ शहरात पीटर एलवुड आणि आर्ची कॉक्रन यांनी पहिला ढवळलेला प्रयोग केला. हार्ट अटॅकमधून नुकतेच घरी गेलेले १,२३९ पुरुष घेतले. कुणाला अ‍ॅस्पिरिन आणि कुणाला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नुसत्या योगायोगावर ठरवलं. कोण काय घेतंय हे पेशंटलाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही.

प्रयोग चालू असताना एक विचित्र गोष्ट घडली. अमेरिकेतल्या बोस्टनच्या संशोधकांना आढळलं, की हार्ट अटॅक येऊन हॉस्पिटलात दाखल झालेल्यांमध्ये अ‍ॅस्पिरिन घेणारे फार कमी आहेत. याचे दोन अर्थ निघत होते. एक, अ‍ॅस्पिरिन अटॅकपासून वाचवतं. दुसरा भयंकर होता. अ‍ॅस्पिरिन घेणारे अटॅक आल्यावर हॉस्पिटलापर्यंत जिवंत पोचतच नसतील! दुसरा अर्थ खरा असता, तर कार्डिफचे डॉक्टर शेकडो लोकांना रोज विष देत होते. त्यांनी घाईने गुप्त यादी उघडून मोजणी केली. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत मृत्यू जास्त नव्हते, थोडे कमीच होते. प्रयोग पुढे चालू राहिला आणि १९७४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. साध्या गोळीच्या गटात शंभरातले सुमारे ११ वारले, अ‍ॅस्पिरिनच्या गटात सुमारे ८. म्हणजे मृत्यू साधारण चौथ्या हिश्श्याने कमी.

आज वर्तमानपत्राने मथळा दिला असता, 'अ‍ॅस्पिरिनने मृत्यू २५ टक्क्यांनी घटले'. एलवुड आणि कॉक्रन यांनी मात्र प्रामाणिकपणे लिहिलं, की यावरून ठाम काही म्हणता येत नाही. आजच्या पद्धतीने हिशेब केला, तर पल्ला असा येतो : अ‍ॅस्पिरिन मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी करत असेल, किंवा अजिबात करत नसेल, किंवा पाच टक्क्यांनी वाढवतही असेल. भात ढवळलेला होता, पण शितं कमी पडली.

पुढचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. ४,५२४ पेशंट, ३० केंद्रं, तीन वर्षं देखरेख. १९८० मध्ये निकाल आला आणि सगळे गारद झाले. साध्या गोळीच्या गटात ९.७ टक्के मृत्यू, अ‍ॅस्पिरिनच्या गटात १०.८ टक्के. उलटंच! हार्ट अटॅकनंतर सरसकट अ‍ॅस्पिरिन देऊ नये, असा निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला.

'आधी चांगलं म्हणाले, आता वाईट म्हणतात, या शास्त्रज्ञांचं काही खरं नाही' असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथे क्षणभर थांबावं. दोन्ही निकालांचे पल्ले शेजारी शेजारी मांडून बघू. कार्डिफचा : निम्म्याजवळच्या घटीपासून पाच टक्के वाढीपर्यंत. अमेरिकेचा : सहा टक्के घटीपासून ३३ टक्के वाढीपर्यंत. हे दोन पल्ले एकमेकांवर येतात. सहा टक्के घट ते पाच टक्के वाढ एवढा तुकडा दोघांनाही मान्य आहे. एक प्रयोग 'हो' म्हणाला आणि दुसरा 'नाही', असं झालंच नव्हतं. दोघंही निरनिराळ्या आवाजात 'अजून नीट कळलं नाही' म्हणत होते. मधला आकडा तेवढा वाचला तर ती भांडणं वाटतात.

आणि अशी भांडणं तेव्हा वैद्यकात सगळीकडे होती. १९७८ मध्ये अमेरिकेत कुणीतरी शहाणपणा करून 'औषधाचा उपयोग नाही' असा निकाल देणारे ७१ प्रयोग पुन्हा तपासले. त्यातले ५० इतके लहान होते, की औषधाने तब्बल निम्मा फरक पडत असता तरी तो निसटून जाण्याचा बराच धोका होता. उपयोग दिसला नाही आणि उपयोग नाही, यातला फरक किती पेशंटना महागात पडला असेल, याची मोजदाद कोण करणार?

मग शितं किती घ्यायची? इथे एक कडू हिशेब आहे. पल्ला निम्म्याने अरुंद करायचा तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. एक तृतीयांश करायचा तर नऊपट. शिवाय खरी गोष्ट माणसांच्या संख्येवर नसून घटनांच्या संख्येवर असते. हजार माणसं घेतली आणि त्यात दहाच वारली, तर तुमच्या हातात माहिती दहांचीच आहे. कार्डिफच्या प्रयोगात एकूण मृत्यू शंभराहून थोडेच जास्त होते. पल्ला चौथाई करायचा तर त्याच्या सोळापट, म्हणजे पावणेदोन-दोन हजार मृत्यू दिसतील एवढा प्रयोग हवा. असा प्रयोग कोण करणार, आणि त्याला पैसे कोण देणार? अ‍ॅस्पिरिन इतकं स्वस्त, की त्यात कुठल्या कंपनीला फारसा नफा नाही.

ऑक्सफर्डमधल्या रिचर्ड पेटो, रोरी कॉलिन्स, पीटर स्लाइट या मंडळींनी याला अगदी साधं उत्तर काढलं. त्यांच्यात केरळातून आलेला आणि बंगळुरूत एमबीबीएस झालेला सलीम युसुफ हा तरुण डॉक्टरही होता. मोठे आणि साधे प्रयोग का हवेत, हे मांडणाऱ्या १९८४ च्या प्रसिद्ध लेखावर त्याचंही नाव आहे. त्यांचं म्हणणं असं : बहुतेक औषधांचा फायदा मध्यम असतो, चमत्कार क्वचित. मध्यम फायदा दिसायला प्रचंड संख्या लागते. आणि प्रचंड संख्या हवी तर डॉक्टरचं काम इतकं सोपं करा, की तो नाही म्हणणार नाही. पेशंट आला, की एक फोन करायचा, फोनवर ठरेल त्या पाकिटातल्या गोळ्या द्यायच्या आणि डिस्चार्जच्या वेळी एक पानी फॉर्म भरायचा. पन्नास तपासण्या नाहीत, जाडजूड फाइल नाही.

या प्रयोगाचं नाव आयसिस-२. मार्च १९८५ ते डिसेंबर १९८७ या काळात १६ देशांतल्या ४१७ हॉस्पिटलांत १७,१८७ पेशंट त्यात आले, सगळे नुकताच हार्ट अटॅक आल्याच्या संशयाने दाखल झालेले. निम्म्यांना महिनाभर रोज छोट्या डोसचं अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना साधी गोळी. गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेज या इंजेक्शनचीही तशीच परीक्षा त्याच पेशंटमध्ये घेतली. ऑगस्ट १९८८ मध्ये निकाल आला. पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणाने साध्या गोळीच्या गटात ११.८ टक्के मृत्यू, अ‍ॅस्पिरिनच्या गटात ९.४ टक्के. दोन्ही औषधं मिळालेल्यांत ८ टक्के, एकही न मिळालेल्यांत १३.२.

गंमत बघा. कार्डिफमध्ये मृत्यू चौथ्या हिश्श्याने घटले होते. इथे साधारण पाचव्या हिश्श्याने, म्हणजे मधला आकडा जरा कमीच. पण एकूण मृत्यू होते १,८२० आणि पल्ला आला सुमारे १४ ते २७ टक्के घट. कार्डिफच्या जवळजवळ एक चतुर्थांश रुंदीचा, आणि सगळाच्या सगळा फायद्याच्या बाजूला! पेशंटच्या भाषेत सांगायचं तर हजार जणांना महिनाभर गोळी दिली तर सुमारे २४ जीव वाचतात. वाईटात वाईट धरलं तर १५, चांगल्यात चांगलं धरलं तर ३४. त्या वर्षानंतर अटॅकच्या पेशंटला आल्या आल्या अ‍ॅस्पिरिन चघळायला देणं जगभर रूढ होत गेलं. मी हाउसमनशिप करत होतो तोवर तो नियमच झाला होता. कॅज्युअल्टीतल्या सिस्टर आमच्या हातात गोळी ठेवत आणि आम्ही ती पेशंटच्या तोंडात. हे इतक्या उशिरा कळलं, याचा तेव्हा आम्हाला पत्ताही नव्हता.

याच प्रयोगातला एक किस्सा मला फार आवडतो. निकाल छापायच्या वेळी 'लॅन्सेट' या नियतकालिकाने आग्रह धरला, की बायका, पुरुष, म्हातारे, मधुमेही अशा वेगवेगळ्या गटांत अ‍ॅस्पिरिनचा किती फायदा झाला तेही द्या. ऑक्सफर्डवाले म्हणाले देतो, पण मग राशीप्रमाणेही देऊ. आणि खरंच दिलं! मिथुन आणि तूळ राशीच्या पेशंटना अ‍ॅस्पिरिनने फायदा नाही, उलट मृत्यू ९ टक्के जास्त; बाकीच्या दहा राशींना मात्र २८ टक्के फायदा. (ही जन्मतारखेवरून काढायची पाश्चात्त्य सूर्यरास, आपली पत्रिकेतली चंद्ररास नव्हे. हे सांगितलेलं बरं, नाहीतर उद्या कुणी पत्रिका घेऊन यायचे.) अर्थात त्यांना दाखवायचं होतं ते उलटंच. सतरा हजारांचे लहान लहान वाटे केले, की प्रत्येक वाट्यात शितं पुन्हा कमी, आणि पल्ला पुन्हा ऐसपैस. मिथुन-तूळचा तो ९ टक्के तोटा साधारण १७ टक्के फायद्यापासून ३५ टक्के तोट्यापर्यंत पसरलेला होता. म्हणजे काहीच कळत नव्हतं. राशी बघून हसू येतं म्हणून आपण सावध होतो. तिथे राशीऐवजी 'पंचावन्नच्या पुढच्या महिला' किंवा 'अमुक रक्तगट' असतं, तर किती जणांनी गोळी बंद केली असती?

मग काकांच्या व्हिडिओतल्या एकोणीस हजारांचं काय? तो प्रयोगही खरा आहे, आणि उत्तम आहे. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९,११४ वृद्धांवर तो झाला, निकाल २०१८ मध्ये आले. हृदयरोग आणि पक्षाघात यांचं प्रमाण अ‍ॅस्पिरिनने १७ टक्के घटण्यापासून ८ टक्के वाढण्यापर्यंत कुठेही असू शकेल, असा पल्ला निघाला. फायदा असलाच तर थोडा. गंभीर रक्तस्राव मात्र १८ ते ६२ टक्क्यांनी जास्त, आणि हा पल्ला पूर्णपणे तोट्याच्या बाजूला. व्हिडिओतल्या गृहस्थांनी आकडा खोटा सांगितला नव्हता. त्यांनी एवढंच सांगायचं गाळलं, की हे सगळे सत्तरीच्या आसपासचे किंवा पुढचे, ज्यांना आधी कधीही हृदयविकार झाला नव्हता असे लोक होते. पातेलंच वेगळं. खिचडीचं शीत दाबून कुणी बिर्याणी शिजली का ते ठरवत नाही.

अटॅक येऊन गेलेल्यांचं, स्टेंटवाल्यांचं पातेलं वेगळं आहे. १९८८ मध्येच, आधी हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या सुमारे २९,००० लोकांवरचे २५ प्रयोग एकत्र करून पाहिले गेले, आणि त्यात अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांचा फायदा स्पष्ट दिसला. म्हणून माझी विनंती : डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन व्हिडिओ बघून बंद करू नका, आणि धडधाकट असाल तर शेजाऱ्याचं बघून सुरूही करू नका. स्टेंट असेल तर अचानक बंद करण्यात जास्तच धोका असतो. पोटात अल्सर असेल, रक्तस्राव झाला असेल, तर ते आम्हाला सांगा, हिशेब बदलतो.

काका तीन आठवड्यांनी पुन्हा आले, तेव्हा मी त्यांना यातलं बरंचसं सांगितलं. 'मला काही झालं नाही' याबद्दलही बोललो. तीनचा नियम त्यांच्या एकट्याला लावताच येत नाही, एवढा नमुना लहान. अटॅक येऊन गेलेल्या शंभर जणांनी चार महिने गोळी घेतली काय किंवा नाही घेतली काय, बहुतेकांना त्या चार महिन्यांत काहीच होत नाही. फरक पडतो तो मोजक्या जणांत, आणि ते मोजके जण कोण, हे आधी ओळखता येत नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ही गोळी मला वाचवतेय की नाही, ते तुम्हालाही सांगता येणार नाही."

"नाही," मी म्हणालो. "हजार जणांचं सांगता येतं. तुमचं एकट्याचं नाही."

हे उत्तर त्यांना फारसं आवडलं नाही, मलाही देताना आवडत नाही. पण गोळी त्यांनी सुरू ठेवली आहे. परवा ते दुसरा एक व्हिडिओ घेऊन आले, गुडघ्याच्या तेलाचा. किती लोकांवर बघितलं, असं त्यांनीच मला विचारलं. आम्ही दोघांनी मिळून तो शेवटपर्यंत पाहिला. त्यात ते कुठेच सांगितलेलं नव्हतं.